वैमानिक, अधिकारी आणि पदवीधर : एका समीकरणाची घडण

१

महाविद्यालयीन शिक्षण संपवून सैनिकी वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या भारतीय तरुणास आज तीन निरनिराळ्या कसोट्यांस उतरावे लागते. पहिली कसोटी पदवीची. उच्च माध्यमिक इयत्तेत गणित व भौतिकशास्त्र हे विषय घेतलेले असले म्हणजे पदवी कोणत्याही शाखेची चालते. अभियांत्रिकीची पदवीही चालते. दुसरी कसोटी निवड मंडळाची. डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी इत्यादी ठिकाणी असलेल्या या मंडळांपुढे उमेदवारास काही दिवस राहावे लागते, आणि गटचर्चा, मैदानी कामे, मानसशास्त्रीय चाचण्या व मुलाखत यांमधून त्याच्या ठिकाणी अधिकाऱ्याचे गुण आहेत की नाहीत हे पारखले जाते. तिसरी कसोटी उड्डाणक्षमतेची. यंत्रावर घेतल्या जाणाऱ्या या चाचणीत हात, डोळे आणि अवधान यांचा मेळ मोजला जातो. तीत एकदा अपयश आले की ती आयुष्यात पुन्हा देता येत नाही.

या तिन्ही कसोट्या ओळीने उभ्या असल्यामुळे त्या एकाच गोष्टीच्या तीन बाजू आहेत असा समज होतो. वस्तुतः त्यांमागील प्रश्न तीन आहेत. हा मनुष्य शिकलेला आहे काय, हा मनुष्य इतरांवर अधिकार चालवू शकेल काय, आणि हा मनुष्य विमान चालवू शकेल काय, हे ते प्रश्न होत. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि तिसऱ्याचे नकारार्थी असू शकते हे उघड आहे; याच्या उलटही घडू शकते. मग वैमानिक म्हणजे अधिकारी आणि अधिकारी म्हणजे पदवीधर हे समीकरण आले कोठून? ते विमानाच्या रचनेतून आले, की समाजाच्या रचनेतून? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा मुख्यतः ब्रिटिश व भारतीय हवाई दलांच्या इतिहासाच्या आधारे घेतला आहे. जर्मनी, कॅनडा आणि अमेरिका यांचा निर्देश तुलनेपुरता आहे.

प्रारंभी दोन शब्दांचा विचार करणे अवश्य आहे. मराठीत रूढ झालेला 'वैमानिक' हा शब्द नवा नाही. जैन विश्वरचनेत विमानांत वास करणाऱ्या देवांच्या एका वर्गाला वैमानिक देव म्हणतात. जो शब्द देवांच्या एका श्रेणीचा वाचक होता तो विसाव्या शतकात एका व्यवसायाचा वाचक झाला. परंतु त्या शब्दाची प्रतिष्ठा मात्र उणावली नाही. मोटार हाकणाऱ्याला 'चालक' म्हणणारी मराठी विमान हाकणाऱ्याला चालक म्हणून थांबली नाही. दुसरा शब्द 'कमिशन'. मराठीने या इंग्रजी शब्दाच्या एका अर्थासाठी 'आयोग' घडविला, दुसऱ्यासाठी 'दलाली', 'अडत' हे जुने शब्द वापरले. सैनिकी अधिकाऱ्यास राष्ट्रप्रमुखाकडून मिळणाऱ्या अधिकारपत्राला मात्र ती अद्याप कमिशनच म्हणते. छत्रपतींच्या व पेशव्यांच्या काळात अशा पत्राला 'सनद' हा नेमका शब्द होता, आणि मुलकी सेवेच्या बाबतीत 'सनदी अधिकारी' या रूपाने तो आजही जिवंत आहे. मुलकी सनद मराठीत आली आणि सैनिकी सनद आली नाही, याचे कारण इतिहासात आहे. मुलकी सेवेची परीक्षा भारतीयांना पुष्कळ आधी खुली झाली होती. सैनिकी अधिकारपद दीर्घकाळ बंद राहिले. जी वस्तू घरात येत नाही तिला घरचे नावही मिळत नाही.

२

विमान हाकणारा मनुष्य अधिकारीच असला पाहिजे, हे आरंभी गृहीत धरलेले नव्हते. १९१४ साली जर्मन सैन्यातील दोन आसनी टेहळणी विमानात सामान्यतः वैमानिक हा कनिष्ठ श्रेणीचा सैनिक असे आणि निरीक्षक हा अधिकारी. विमान कोठे न्यावयाचे, काय पाहावयाचे आणि केव्हा परतावयाचे हे निरीक्षक ठरवी. वैमानिकाचे स्थान मालकाची गाडी हाकणाऱ्या सारथ्यासारखे होते. सैनिकी बोलीत वैमानिकाला 'एमिल' आणि निरीक्षकाला 'फ्रांत्स' म्हणत. वाट चुकणे या अर्थी जर्मन भाषेत आजही वापरले जाणारे 'फेरफ्रांत्सेन' हे क्रियापद याच फ्रांत्सच्या नावावरून आले असे सांगतात. वाट दाखविणे हे अधिकाऱ्याचे काम असल्यामुळे वाट चुकण्याचा दोषही त्याच्याच नावे पडला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे एक आसनी लढाऊ विमाने आली आणि निर्णय घेणारा व विमान हाकणारा हे दोघे एकाच देहात एकत्र आले. घोडदळातील अधिकारी मान्फ्रेड फॉन रिश्टहोफेन हा १९१५ साली प्रथम निरीक्षक होता व नंतर वैमानिक झाला. त्याच्या या क्रमात हे स्थित्यंतर स्पष्ट दिसते.

ब्रिटनमध्ये १९१२ साली रॉयल फ्लाइंग कोअरची स्थापना झाली. तीत अधिकारी वैमानिकांच्या जोडीला सार्जंट वैमानिकांचीही तरतूद होती. परंतु अधिकारी म्हणून प्रवेश इच्छिणाऱ्याने रॉयल एरो क्लबचे प्रमाणपत्र आधी स्वखर्चाने मिळवावे आणि निवड झाल्यावर ७५ पौंड परत घ्यावेत, अशी पद्धत होती. म्हणजे पहिली अट विद्येची नव्हती, ऐपतीची होती. ही अट बाजूला ठेवून विमान चालविण्याचे कौशल्य किती दूरवर नेऊ शकते याचे उदाहरण जेम्स मकडन याचे आहे. १९१० साली इंजिनिअर पथकात पोरवयाचा बिगुलवाला म्हणून दाखल झालेला हा मुलगा पुढे विमानांचा यांत्रिक झाला, १९१६ मध्ये सार्जंट वैमानिक झाला आणि १९१७ मध्ये अधिकारी. १९१८ च्या जुलैत तो अपघातात मरण पावला तेव्हा व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च बहुमान त्याला मिळालेला होता. विद्यापीठाचा उंबरठा त्याने ओलांडलेला नव्हता.

याच युद्धात मोजके भारतीय तरुण ब्रिटिश विमानदलात शिरले. त्यांच्यापुढील अडचण मकडनच्या अडचणीहून वेगळी होती. विद्या व ऐपत या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या; नव्हते ते अधिकारपदाचे दार. रावळपिंडीचे हरदित सिंग मलिक ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात शिकले होते. ब्रिटिश विमानदलात प्रवेश मिळेना म्हणून त्यांनी फ्रेंच रेडक्रॉससाठी रुग्णवाहिका चालविली, आणि फ्रेंच विमानदल त्यांना घेण्यास तयार झाले. तेव्हा त्यांचे ऑक्सफर्डमधील शिक्षक फ्रान्सिस अर्कार्ट यांनी जनरल डेव्हिड हेंडरसन यांस पत्र लिहिले, आणि १९१७ साली मलिकांना कमिशन मिळाले. त्याच सुमारास कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय लंडनच्या सेंट पॉल्स शाळेतून विमानदलात गेले. जुलै १९१८ मधील अवघ्या दोन आठवड्यांत दहा विमाने पाडल्याची नोंद त्यांच्या नावे झाली आणि २२ जुलै रोजी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते पडले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे केंब्रिजला शिकलेले होते. तेही जून १९१८ मध्ये फ्रान्समधील युद्धात कामी आले.

मलिकांच्या प्रकरणात पदवीचे कार्य नेमके काय होते? त्यांनी ऑक्सफर्डला जे ग्रंथ वाचले त्यांचा विमान चालविण्याशी काही संबंध नव्हता. परंतु त्या विद्यापीठामुळे त्यांच्या बाजूने बोलणारा एक मनुष्य त्यांना मिळाला, आणि त्या मनुष्याचा शब्द जनरलच्या मेजापर्यंत पोहोचत होता. पदवी ही येथे ज्ञानाची साक्ष नव्हती. ती ओळखीची चिठ्ठी होती. लढाऊ सैन्यातील राजाचे कमिशन भारतीयांस देण्यातील अडसर १९१७ च्या ऑगस्टमध्ये अधिकृतपणे दूर झाला, तोही प्रारंभी नऊ जणांपुरता.

३

१ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्स हे स्वतंत्र दल झाले, आणि युद्ध संपताच या नव्या दलाला आपले रूप ठरवावे लागले. १९१९ च्या ऑगस्टमध्ये त्याने लष्करी पदनामे टाकून स्वतःची पदनामे घेतली. त्यापूर्वी पुढे आलेल्या सूचनांपैकी एक 'आर्डियन' हे नाव होते. गेलिक भाषेतील श्रेष्ठ आणि पक्षी या अर्थांच्या शब्दांतून ते घडविले होते. ते मान्य झाले नाही आणि 'पायलट ऑफिसर', 'फ्लाइंग ऑफिसर', 'फ्लाइट लेफ्टनंट' ही नावे रूढ झाली. यांतील पहिले नाव विशेष अर्थपूर्ण आहे. वैमानिक नसलेला, भांडाराचे काम पाहणारा तरुणही पायलट ऑफिसर म्हणविला जाई. उलट सार्जंट श्रेणीचा मनुष्य प्रत्यक्ष विमान चालवीत असूनही पायलट ऑफिसर नसे. शब्दात वैमानिक आणि अधिकारी यांची सांगड पक्की झाली होती. व्यवहारात ती तशी नव्हती. भारतीय हवाई दलानेही हे पदनाम घेतले होते. आता ते तेथे प्रचारात नाही. नवा अधिकारी एकदम फ्लाइंग ऑफिसर होतो.

या काळात दलाचे प्रमुख ह्यू ट्रेन्चर्ड यांच्यापुढे एक साधे गणित होते. वैमानिकाचे काम तारुण्याचे आहे. विमानांच्या संख्येइतके तरुण वैमानिक सतत हवेत. परंतु त्या सर्वांना आजन्म नोकरी दिली तर ते पस्तिशी-चाळिशीला पोहोचतील तेव्हा त्यांना देण्याइतक्या वरच्या जागा असणार नाहीत. पायथा रुंद आणि शिखर अरुंद अशा या मनोऱ्यात मधली माणसे कोंडून पडतील. १९१९ च्या डिसेंबरमधील त्यांच्या योजनेत आणि त्यानंतरच्या वर्षांत या गणिताची अनेक उत्तरे पुढे आली. कायम अधिकाऱ्यांसाठी क्रॅनवेल येथे १९२० साली कॅडेट कॉलेज निघाले. उरलेल्या बऱ्याच अधिकाऱ्यांना काही वर्षांपुरते अल्पमुदतीचे कमिशन द्यावयाचे ठरले. निवडक यांत्रिकांना सार्जंट वैमानिक करून काही वर्षांनी पुन्हा आपल्या मूळ कामावर पाठविण्याची पद्धत १९२१ पासून सुरू झाली. आणि १९२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंब्रिज व ऑक्सफर्ड येथे विद्यापीठीय विमानपथके स्थापन झाली.

विद्यापीठीय पथकांतील विद्यार्थी नागरिकच राहत. त्यांच्यावर पुढे सैन्यात जाण्याचे बंधन नसे. हेतू दुहेरी होता. विमानशास्त्रात संशोधन करणाऱ्या विद्यापीठांशी दलाचा संबंध जुळावा हा एक. आणि देशातील ज्या वर्गातून मंत्री, न्यायाधीश व संपादक निघतात त्या वर्गाला विमानाची गोडी लागावी हा दुसरा. नव्या दलाला लष्कर व नौदल यांच्या तुलनेत प्रतिष्ठा कमी होती. ती मिळविण्याचा हा मार्ग होता. लेनर्ड चेशर आणि रिचर्ड हिलरी हे पुढे प्रसिद्धीस आलेले वैमानिक ऑक्सफर्डच्या पथकातूनच आले. म्हणजे पदवीधराला विमानाची गरज होती त्यापेक्षा विमानदलाला पदवीधराची गरज अधिक होती.

तथापि याच व्यवस्थेत क्रम उलटा लावणारा एक मनुष्य निघाला. फ्रँक व्हिटल हा १९२३ साली शिकाऊ यांत्रिक म्हणून दलात आला. उत्तम शिकाऊंपैकी काहींना क्रॅनवेलला कॅडेट म्हणून पाठविण्याची तरतूद होती. तिचा लाभ मिळून तो १९२६ साली तेथे गेला आणि १९२८ साली अधिकारी वैमानिक झाला. १९३० साली त्याने जेट इंजिनाच्या कल्पनेचे एकस्व मिळविण्यासाठी अर्ज केला. आणि त्यानंतर दलानेच त्याला केंब्रिजला पाठविले, तेथे १९३६ साली तो पदवीधर झाला. प्रथम यांत्रिक, मग वैमानिक, मग संशोधक आणि अखेरीस पदवीधर, असा हा क्रम आहे. पदवी ही येथे प्रवेशाची अट नव्हती. योग्यता सिद्ध झाल्यानंतर मिळालेली ती संधी होती.

४

भारतात या समीकरणाला एक निराळाच अर्थ आला. १९२५ साली अँड्रयू स्कीन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे मूळ प्रश्न भारतीयांना अधिकारपदे कशी द्यावीत हा होता. मोतीलाल नेहरू आणि महंमद अली जीना हे या समितीचे सदस्य होते. त्यांपैकी मोतीलालजींनी काम पुरे होण्यापूर्वी राजीनामा दिला. तोफखाना, इंजिनिअर, रणगाडे व विमानदल या शाखा भारतीयांस खुल्या कराव्यात आणि त्यांना क्रॅनवेलला प्रवेश द्यावा, अशी शिफारस समितीने केली. भारतीय तरुण विमान चालवू शकेल की नाही, हा वाद रॉय आणि मलिक यांनी आपल्या कर्तृत्वाने आधीच निकालात काढला होता. वाद होता तो भारतीयाच्या हाती अधिकार द्यावा की नाही, याचा.

१९३० साली पहिले सहा भारतीय कॅडेट क्रॅनवेलला गेले. हरिश्चंद्र सरकार, सुब्रतो मुखर्जी, भूपेंद्र सिंग, अमरजित सिंग आणि ऐझाद बक्ष आवान हे पाच वैमानिक झाले, जे. एन. टंडन यांना उंची कमी पडल्यामुळे पुरवठा शाखेत जावे लागले. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दल अस्तित्वात आले आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळील ड्रिग रोड येथे पहिल्या स्क्वाड्रनची उभारणी सुरू झाली. विमाने चार होती, वापिटी जातीची. अधिकाऱ्यांखाली काम करणाऱ्या जवानांना प्रारंभी 'हवाई सिपाही' म्हणत. एकाच छोट्या तुकडीत वरच्यांना इंग्रजी पदनाम आणि खालच्यांना देशी, अशी भाषेची ही उतरंड होती.

हे पहिले अधिकारी पदवीधर नव्हते. क्रॅनवेलला प्रवेश अठराएकोणीस वर्षांच्या वयात होई; पदवीपर्यंत थांबणाऱ्याचे वय निघून जाई. १९३८ साली निवड झाली तेव्हा अर्जन सिंग लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकत होते आणि ते शिक्षण मध्येच सोडून क्रॅनवेलला गेले. म्हणजे या टप्प्यावर महाविद्यालय आणि कमिशन हे एकमेकांना पूरक नव्हते. विद्यार्थ्याला त्यांपैकी एकाची निवड करावी लागे.

याच वेळी नागरी क्षेत्रात दुसरी एक वाट तयार होत होती. १९२८ पासून मुंबई, दिल्ली इत्यादी ठिकाणी फ्लाइंग क्लब निघाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मुंबईत परवाना मिळाला. आगाखानांनी लावलेल्या इंग्लंड-भारत एकल उड्डाणाच्या स्पर्धेत १९३० साली अस्पी इंजिनिअर विजयी झाले आणि पुढे क्रॅनवेलमार्गे हवाई दलात गेले. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा भारतीय हवाई दलात १६ अधिकारी आणि १४४ जवान होते. तातडीने वैमानिक हवे होते, आणि ते क्लबांच्या परवानाधारकांतून मिळण्याजोगे होते. १९४० साली अशा २४ भारतीय वैमानिकांना ब्रिटनला पाठविण्यात आले. दिल्लीच्या क्लबात शिकलेले महिंदर सिंग पुजी हे त्यांपैकी एक. प्रतापचंद्र लाल लंडनच्या किंग्ज कॉलेजात पत्रकारितेचा अभ्यास करीत होते. युद्धामुळे तिकडे परतणे अशक्य झाले, आणि हाती परवाना असल्यामुळे ते स्वयंसेवी राखीव दलात शिरले. याच विस्ताराच्या काळात, १९४० साली, मुंबईचे हृषीकेश मुळगावकर अधिकारी झाले. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात त्यांना महावीर चक्र मिळाले. अर्जन सिंग, लाल आणि मुळगावकर हे तिघेही पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले. युद्धाअखेर दलात नऊ स्क्वाड्रन आणि सुमारे २८,५०० माणसे होती; त्यांत अधिकारी सुमारे १,६०० होते. शांततेच्या काळात जे दार बोटभर उघडे होते ते युद्धाने सताड उघडले. दाराची रुंदी गुणवत्तेने ठरली नव्हती, गरजेने ठरली होती.

५

दुसऱ्या महायुद्धाने आणखी एक गोष्ट केली. कौशल्य, नेतृत्व आणि विद्या यांना त्याने प्रथमच पद्धतशीरपणे वेगळे करून मोजले.

अमेरिकेत युद्धापूर्वी सैनिकी वैमानिकाचे शिक्षण घेण्यासाठी दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण किंवा तत्सम परीक्षा आवश्यक होती. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, जानेवारी १९४२ मध्ये, ही अट वगळण्यात आली आणि तिच्या जागी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली पात्रता परीक्षा आली. चाचण्यांचा खरेपणा तपासण्यासाठी १९४३ साली हजाराहून अधिक उमेदवारांना, त्यांचे गुण कितीही असोत, थेट प्रशिक्षणात घेण्यात आले. चाचणीत वर असलेले बहुसंख्येने पार पडले आणि तळाचे बहुसंख्येने गळाले. उड्डाणाचे सामर्थ्य आधी ओळखता येते, आणि ते पदवीवाचूनही ओळखता येते, हे यावरून दिसून आले.

त्याच देशात पदवीचा दुसरा चेहराही दिसतो. कृष्णवर्णीयांना सैनिकी वैमानिक होण्याची बंदीच होती. नागरी वैमानिक शिक्षणाची योजना महाविद्यालयांमार्फत राबविली गेली आणि ती टस्कीगी इन्स्टिट्यूटसारख्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचली, तेव्हा कोठे मार्ग निघाला. १९४१ च्या जुलैत तेथे पहिला सैनिकी वर्ग सुरू झाला. १३ जणांपैकी पाच ७ मार्च १९४२ रोजी वैमानिक झाले. ज्यांना दुसरा कोणताही आधार नव्हता त्यांच्या हाती महाविद्यालय हीच पहार होती.

कॅनडाने प्रश्न सरळ शब्दांत विचारला. १९४२ साली ओटावा येथील परिषदेत कॅनडाने असे मांडले की एकच काम करणाऱ्या, एकच धोका पत्करणाऱ्या वैमानिकांपैकी काहींना अधिकारी आणि काहींना सार्जंट करणे अन्यायाचे आहे. पगार, राहण्याची व्यवस्था, शत्रूच्या हाती सापडल्यावर मिळणारी वागणूक, या सर्वांत श्रेणीने फरक पडत होता. ब्रिटिशांचे उत्तर असे की कमिशन हे नेतृत्वासाठी आहे, धोक्याचा मोबदला म्हणून नाही. दोन्ही बाजूंत तथ्य होते. युद्धानंतर ब्रिटनने १९४६ साली 'पायलट ४', 'पायलट ३' अशा चढत्या क्रमाने 'मास्टर पायलट'पर्यंत जाणारी स्वतंत्र पदनामे काढून वैमानिक आणि अधिकारी यांची भाषेतही फारकत करून पाहिली. ही अंकांची पदनामे कोणालाच रुचली नाहीत आणि १९५० साली ती मोडीत निघाली.

नेतृत्वाची परीक्षा घेण्याची नवी पद्धतही याच युद्धातली. केवळ शाळा, कूळ आणि मुलाखत यांवरून अधिकारी निवडणे पुरेसे नाही असे आढळल्यावर ब्रिटनमध्ये १९४२ साली निवड मंडळे निघाली आणि १९४३ साली तशा मंडळाचा प्रयोग डेहराडूनला झाला. आजचे निवड मंडळ हे त्याचेच वंशज होय.

६

स्वातंत्र्यानंतर भारताने दोन्ही वाटा ठेवल्या. शालेय शिक्षणानंतर येणाऱ्यांसाठी १९४९ च्या जानेवारीत डेहराडूनला तिन्ही दलांचे एकत्र शिक्षण सुरू झाले, आणि जानेवारी १९५५ मध्ये पुण्याजवळ खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे उद्घाटन झाले. पदवीनंतर येणाऱ्यांसाठी निराळी भरती राहिली. महाविद्यालयांना जोडणारा दुवा म्हणून १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली; १ एप्रिल १९५० रोजी तिची हवाई शाखा सुरू झाली ती मुंबई आणि कलकत्ता येथील एकेका स्क्वाड्रनने. हैदराबादजवळ डुंडिगल येथे १९६७ साली कोनशिला बसून पुढे हवाई दल अकादमी उभी राहिली; दोन्ही वाटांनी आलेले तरुण तेथे एकत्र येतात. कालांतराने खडकवासल्याच्या छात्रांनाही जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळू लागली. अशा रीतीने पदवीपूर्वी येणाराही पदवीधर होऊनच अधिकारी होऊ लागला, आणि समीकरणाचा उरलेला सांधाही बसला. ब्रिटनमध्येही १९७० च्या दशकात क्रॅनवेलने आपला भर दीर्घ कॅडेट अभ्यासक्रमावरून पदवीधरांच्या प्रवेशाकडे वळविला. उच्च शिक्षणाचा प्रसार झाल्यावर हुशार तरुण अठराव्या वर्षी सैन्याकडे न येता विद्यापीठाकडे जाऊ लागले होते. दलाला त्यांच्या मागोमाग जाणे भाग होते.

भारतात या दोन वाटांमधील भेदाचा सर्वांत मोठा परिणाम स्त्रियांच्या बाबतीत झाला. १९९२ नंतर हवाई दलाच्या वैद्यकीयेतर शाखा त्यांना अल्पमुदतीच्या कमिशनने खुल्या झाल्या आणि १९९४ साली पहिल्या स्त्री वैमानिक तयार झाल्या. त्या वर्षीच्या सप्टेंबरात हरिता कौर देओल यांनी एकटीने विमान चालविले. लढाऊ विमानांसाठी मात्र १८ जून २०१६ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या दिवशी अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग यांना कमिशन मिळाले. या सर्व काळात खडकवासल्याचे दार मुलींना बंद होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या अंतरिम आदेशानंतर त्यांना प्रवेशपरीक्षेस बसता आले. पहिल्या तुकडीतील मुली २०२२ साली दाखल झाल्या आणि त्यांतील १७ जणी ३० मे २०२५ रोजी शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. म्हणजे सुमारे तीस वर्षे वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या भारतीय मुलीपुढे एकच वाट होती, ती पदवीची. मुलगा सतराव्या वर्षी ज्या दारात उभा राहू शकत होता त्या दारात येण्यासाठी मुलीला आणखी तीनचार वर्षांचे शिक्षण आणि त्या शिक्षणाचा खर्च सोसणारे घर लागे. पदवीच्या अटीने तिला अडविले असे म्हणावे, तर तिच्यासाठी उघडलेले दार तेवढेच होते. त्या अटीने तिला आत घेतले असे म्हणावे, तर जिचे घर तो खर्च सोसू शकत नव्हते ती बाहेरच राहिली.

७

या विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. वैमानिक, अधिकारी आणि पदवीधर ही तीन पदे एकाच व्यक्तीच्या ठिकाणी एकत्र आली याचे कारण उड्डाणकलेत सापडत नाही. वैमानिक आणि अधिकारी यांचे ऐक्य एक आसनी विमानातील निर्णयाच्या जबाबदारीतून निघाले, आणि त्याला वर्गप्रतिष्ठेने बळकटी आणली. अधिकारी आणि पदवीधर यांचे ऐक्य याहून नवे आहे. ते नव्या दलाच्या प्रतिष्ठेच्या शोधातून आणि उच्च शिक्षणाच्या प्रसारातून घडले. अमेरिकेत आजही लष्कराच्या हेलिकॉप्टरचा वैमानिक पदवीवाचून वॉरंट ऑफिसर श्रेणीत येऊ शकतो. हवाई दलाचा मात्र पदवीधर अधिकारीच असावा लागतो. आकाश एकच असता नियम दोन आहेत, एवढ्यावरूनही नियमाचे मूळ आकाशात नाही हे दिसते.

पदवी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. आजच्या विमानाची यंत्रणा समजून घेण्यास आणि पुढे मोठ्या पदावर निर्णय करण्यास शिक्षित बुद्धीची गरज आहे, हे कोणी नाकारणार नाही. परंतु अट आणि गुण यांत फरक आहे. मलिकांना पदवीने ओळख दिली, टस्कीगीच्या तरुणांना हक्क दिला, व्हिटलला ज्ञान दिले, आणि भारतीय मुलीला एकुलती एक वाट दिली. एकाच कागदाने चार ठिकाणी चार कामे केली. त्यांपैकी विमान चालविण्याचे शिक्षण हे एकही नव्हते.

वैमानिकच नसलेल्या विमानांनी हा प्रश्न आता पुन्हा उभा केला आहे. दूरवरून चालविल्या जाणाऱ्या टेहळणी विमानांसाठी अमेरिकेच्या हवाई दलाने २०१६ पासून बिगरअधिकारी जवानांनाही वैमानिकाचे शिक्षण देण्यास आरंभ केला. १९१४ सालचा एमिल शंभर वर्षांनी परत आला आहे. फरक एवढाच की तो आता जमिनीवर बसतो. त्याला सनद द्यावी की नाही, हे ठरविताना विमानाकडे पाहून उत्तर मिळणार नाही. निर्णय कोणाचा, जबाबदारी कोणाची आणि दाराबाहेर कोण उभे आहे, हेच तेव्हाही पाहावे लागेल.